गणपतीत एक तास शांत दर्शनाचा ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती जवळ आलेत, नाशकात मंडळांच्या बैठका सुरू झाल्यात, वर्गणीची पुस्तकं फिरायला लागलीत, आणि हे पत्र आत्ताच लिहितेय कारण एकदा मांडव उभा राहिला की कुणालाच ऐकायला वेळ नसतो. माझी विनंती अशी की शहरातल्या प्रत्येक मोठ्या मंडळाने दहा दिवसांतले निदान दोन दिवस सकाळी एक तास शांत दर्शनाचा ठेवावा. म्हणजे स्पीकर बंद, लुकलुकणारी लायटिंग बंद, रांग नाही, "चला चला पुढे चला" नाही. ऑटिस्टिक मुलं (म्हणजे ज्यांचा मेंदू जन्मापासूनच वेगळ्या पद्धतीने चालतो, बोलणं-मिसळणं वेगळं असतं), ऑटिस्टिक मोठी माणसं, एडीएचडी असलेली, म्हणजे लक्ष एका जागी टिकवणं, स्वस्थ बसणं ज्यांना अवघड जातं अशी मुलं, एकूणच ज्यांना आवाज, उजेड, गर्दी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त जाणवते अशा सगळ्यांसाठी.

माझा धाकटा भाऊ ऑटिस्टिक आहे. आता 26 वर्षांचा आहे. बोलतो थोडंच, पण लिहून आणि मोबाईलमधली चित्रं दाखवून बरंच सांगतो, नाशिकच्या सिटी बसचे रूट त्याला पाठ आहेत, आणि गणपती त्याला मनापासून आवडतो. घरचा गणपती आवडतो, मूर्तीशाळेत जायला आवडतं, शाडूची माती आवडते. पण सार्वजनिक गणपती बघायला आम्ही कित्येक वर्षं गेलोच नव्हतो, कारण मांडवापर्यंत पोहोचेपर्यंतच त्याची सहनशक्ती संपलेली असायची.

इथे एक गैरसमज लगेच काढते. मी ढोल बंद करा म्हणत नाहीये. नाशिक ढोल ही आपल्या शहराची ओळख आहे आणि गंमत म्हणजे माझ्या भावाला ढोल आवडतो! पथकाच्या सरावाला लांब उभं राहून, कानावर हेडफोन घालून तो अर्धा-पाऊण तास ऐकतो, छातीत जो धमका बसतो तो त्याला हवासा वाटतो. ऑटिस्टिक लोकांचं असंच असतं, कुणाला एखादी संवेदना नकोशी होते तर कुणी तीच शोधत फिरतं, आणि एकाच माणसाला ढोल चालतो पण मिक्सरचा आवाज चालत नाही असंही होतं. त्रास बहुतेक वेळा अचानकपणाचा असतो. कुठून येणार, कधी थांबणार, यातलं काहीच आपल्या हातात नाही, त्याचा. सरावाची वेळ त्याला माहिती असते, नको वाटलं तर तो निघून येऊ शकतो. मांडवाच्या रांगेत दोन बाजूंनी बॅरिकेड, मागे माणसं, पुढे माणसं, वर भोंगा, आणि मधेच कुणीतरी सुतळी बॉम्ब लावतो, तिथून तो कुठे जाणार?

मग जे होतं त्याला मेल्टडाऊन म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं एवढा मोठा मुलगा हट्ट करतोय, आईवडिलांनी लाडावून ठेवलंय. हट्ट करणारं मूल आपल्याकडे कुणी बघतंय का ते बघत असतं आणि हवी ती वस्तू मिळाली की थांबतं. मेल्टडाऊनमध्ये माणसाला काही मिळवायचं नसतं, मेंदूला झेपेल त्याच्या पलीकडे गेलेलं असतं, तो कान दाबून खाली बसतो, ओरडतो, कधी स्वतःचं डोकं आपटतो. अशा वेळी आजूबाजूच्यांनी करायच्या गोष्टी फार सोप्या आहेत, घोळका करू नका, अंगाला हात लावू नका, एकाच वेळी चारजण समजवायला जाऊ नका, शक्य असेल तर आवाज कमी करा, सोबतच्या माणसाला एकदाच विचारा काय मदत हवी आणि मग वाट बघा. आणि कृपा करून व्हिडिओ काढू नका. आमच्यासोबत हे झालंय, लोकांनी मोबाईल वर केले होते, आई त्याच्यासमोर पदर धरून उभी राहिली.

गेल्या वर्षी आमच्या कॉलनीतल्या मंडळाच्या पोरांशी बोलले. कॉलेजची पोरं, त्यांना ऑटिझम वगैरे काही फारसं माहिती नव्हतं पण त्यांनी सरळ विचारलं, "ताई, करायचं काय ते सांग." मग आम्ही एवढंच केलं, सकाळची आरती होऊन गेल्यावरचा एक तास ठरवला, भोंगा बंद, एलईडीचं चक्र बंद, फक्त समई आणि साधे दिवे. मांडवाचे फोटो आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर टाकले, गेट असं दिसतं, चपला इथे काढायच्या, मूर्ती एवढी मोठी आहे, प्रसाद हे काका देतील, बसावंसं वाटलं तर कोपऱ्यात सतरंजी आहे. हे फोटो फार महत्त्वाचे असतात बरं का, काय होणार ते आधी बघितलेलं असलं की निम्मी भीती तिथेच जाते.

पाच-सहा कुटुंबं आली. एक छोटी मुलगी मांडवात आली आणि सरळ सतरंजीवर पाठ टेकून वरच्या कापडाकडे बघत पडून राहिली, तिच्या आईने सवयीने आजूबाजूला बघितलं, कोण काय म्हणतंय ते, आणि कुणी काही म्हणत नव्हतं. एक मुलगा मूर्तीकडे बघतच नव्हता, हारातली फुलं मोजत होता. माझ्या भावाने दुर्वा वाहिल्या आणि नंतर त्या सगळ्या एका दिशेला नीट लावून ठेवल्या. आणि आम्ही न बोलावलेली माणसंही आली! गुडघेदुखीमुळे रांगेत उभं न राहू शकणाऱ्या आजी, तान्हं बाळ घेतलेली एक बाई, नुकतंच ऑपरेशन झालेले एक काका, सगळ्यांना हा तास पाहिजेच होता. मंडळाचा खर्च काही झाला नाही.

आता कुणी म्हणेल अशी मुलं असतात तरी किती, त्यांच्यासाठी वेगळी वेळ कशाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अंदाजाप्रमाणे जगात साधारण 127 माणसांमागे एक ऑटिस्टिक आहे. 2011 च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या 15 लाखांच्या जवळ होती, तोच जुना आकडा धरला आणि हाच हिशोब लावला तरी 11-12 हजार माणसं होतात, आणि यात एडीएचडीवाले, डिस्लेक्सियावाले (ज्यांना वाचन-लेखन अवघड जातं) धरलेलेच नाहीत. एवढी माणसं तुम्हाला शहरात दिसतात का? बागेत, नाटकाला, वाचनालयात, लग्नात? बरीचशी घरात आहेत. काहींचं निदानच झालेलं नाही, ती "विचित्र" किंवा "हट्टी" म्हणून जगतायत. आणि जी बाहेर दिसतात ती बहुतेक लहान मुलं असतात, थेरपी सेंटरच्या जिन्यात.

थेरपीबद्दल मला काही वाईट बोलायचं नाही. स्पीच थेरपी, ओटी (म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं जमावीत म्हणूनची), स्पेशल एज्युकेटर या सगळ्यांनी माझ्या भावासाठी खूप केलंय आणि आमच्या लहानपणी नाशकात यातलं फार थोडं होतं, आई मुंबईच्या बसने त्याला घेऊन जायची. आज निदान लवकर होतं, पालक लवकर जागे होतात, ही मोठी गोष्ट आहे. पण थेरपी आठवड्यातले काही तास असते, बाकीच्या वेळात माणसाने जायचं कुठे? आपण सगळे संध्याकाळी कुठेतरी जातो, कट्टा, जिम, भजनी मंडळ, क्रिकेट, काहीतरी असतंच, तिथे आपल्याला कुणी सुधारायला बसलेलं नसतं, आपण नुसते असतो. ऑटिस्टिक मुलाचं मात्र सगळं आयुष्यच सुधारणा वर्ग होऊन जातं, पोहणं म्हणजे थेरपी, चित्र म्हणजे थेरपी, घोडा म्हणजे थेरपी. त्याला नुसतं आवडतं म्हणून पोहू द्या ना.

आणि 18 वर्षांनंतर तर कठीणच. स्पेशल स्कूल संपतं, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलगा घरात. वयाने मोठा, दाढी आलेली, उंच, त्यामुळे लहानपणी "गोड आहे" म्हणणारी माणसं आता लिफ्टमध्ये त्याच्यासोबत चढत नाहीत. काही ठिकाणी वर्कशॉप आहेत, पणत्या रंगवणं, कागदी पिशव्या, उदबत्त्या, आणि ते चालवणाऱ्या लोकांचा मला आदर आहे, पण सगळ्यांना पणत्याच का? माझ्या भावाला पणत्या रंगवायला अजिबात आवडत नाही, हाताला रंग लागलेला चालत नाही. त्याला आकडे आणि क्रम आवडतात. आधी माणसाला काय आवडतं ते विचारायचं, मग काम किंवा ॲक्टिव्हिटी ठरवायची, आपण नेहमी उलटं करतो. आणि 26 वर्षांच्या माणसाला बालगीतांवर टाळ्या वाजवायला लावू नका, बोलता कमी येतं म्हणजे समज लहान मुलाची असं नसतं.

मला सगळ्यात जास्त आशा वाचनालयांकडून आहे. आपलं सार्वजनिक वाचनालय, सावाना, 1840 पासूनचं आहे, केवढा मोठा वारसा आहे हा. आणि महाराष्ट्रात गावोगावी वाचनालयं आहेत, छोटी छोटी, दुपारच्या वेळी बऱ्यापैकी रिकामी असणारी. शांत जागा, ठरलेला क्रम, नंबर लावलेली पुस्तकं, कमी बोलणं, अनेक ऑटिस्टिक माणसांना याहून चांगली जागा कुठली मिळणार? आठवड्यातून एक दुपार ठरवा, तीच वेळ, तोच कोपरा, शक्यतो तोच स्वयंसेवक. कुणी पुस्तकं नंबरप्रमाणे लावेल, कुणी नकाशांचं पुस्तक घेऊन बसेल, कुणी नुसतं पंख्याखाली बसेल. सोबत अशीच दोन-तीन माणसं आली की मैत्रीही होते, आणि ती मैत्री गप्पा मारूनच व्हायला पाहिजे असं नाही, शेजारी बसून आपापलं काहीतरी करत राहणं हीसुद्धा मैत्रीच असते. फक्त एक लक्षात ठेवा, वेळ ठरवली की आयत्या वेळी बदलू नका. आज हॉल दुसऱ्याला दिलाय, उद्या या, असं आपल्याला चालतं, पण ज्याने आठवडाभर त्या दुपारची वाट बघितलीय त्याच्यासाठी तो फार मोठा धक्का असतो.

नाटकांचंही तसंच. ब्रिटन-अमेरिकेत बरीच वर्षं असे सिनेमाचे आणि नाटकांचे शो होतात ज्यात हॉलमध्ये पूर्ण अंधार करत नाहीत, आवाज कमी ठेवतात, मधेच उठलं, फिरलं, बोललं तरी कुणी "शूऽऽ" करत नाही. अमेरिकेत एएमसी या थिएटर कंपनीने 2007 च्या सुमाराला हे सुरू केलं. आपल्याकडे कालिदास कलामंदिरात किंवा साईखेडकर नाट्यगृहात सुट्टीतल्या बालनाट्यांचा एक तरी प्रयोग असा व्हायला काय हरकत आहे? नाट्यवेडं शहर आहे हे. कलाकारांना आधी सांगून ठेवायचं की प्रेक्षकांतून आवाज येतील, कुणी हात हलवत उभा राहील, तो त्याचा आनंद आहे. एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) नाटक चालू असताना भाऊ आनंदाने ओरडला, विनोद झाला होता, सगळे हसले आणि तोही हसला फक्त त्याच्या पद्धतीने, तर आम्हाला इंटरवलमध्ये येऊन सांगितलं की बाकीच्यांना डिस्टर्ब होतंय. विनोद त्याला बरोबर कळला होता.

हे सगळं कुणाच्या दयेवर नाहीये हेही सांगायला पाहिजे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात 21 प्रकार आहेत आणि ऑटिझम, लर्निंग डिसॅबिलिटी त्यात आहेत (1995 च्या जुन्या कायद्यात ऑटिझम नव्हताच). या कायद्याचं 29 वं कलम सांगतं की सरकारने आणि स्थानिक संस्थांनी, म्हणजे आपल्या महापालिकेनेसुद्धा, दिव्यांगांना सांस्कृतिक आयुष्यात आणि करमणुकीत इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा म्हणून उपाय करायचेत. 30 वं कलम खेळाबद्दल आहे. आपण दिव्यांग म्हटलं की रॅम्प बांधतो, तो पाहिजेच, पण ऑटिस्टिक माणसासाठी रॅम्प म्हणजे शांत कोपरा, आधी दिलेली माहिती आणि थोडा जास्त वेळ. ते कुठल्या टेंडरमध्ये येत नाही म्हणून राहून जातं.

शेजारच्या गोव्याने 2023 च्या जानेवारीत पणजीला पर्पल फेस्ट भरवला, दिव्यांगांसाठीचा मोठा महोत्सव, राज्य सरकारच त्यात पुढे होतं, आणि तो नंतरही होत राहिला. महाराष्ट्र एवढा मोठा, आपल्याकडे मुंबईत उम्मीदसारखी संस्था 2001 पासून मुलांच्या विकासावर काम करतेय, पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटर आहे, पालकांचे गट आहेत, अनुभव भरपूर आहे. पण मुंबई-पुणे सोडलं की मालेगावच्या, सिन्नरच्या, सुरगाण्याच्या आईने काय करायचं? तिच्यासाठी मोठा महोत्सव नंतर आला तरी चालेल, आधी गावातल्या वाचनालयातली एक दुपार आणि मंडळातला एक तास मिळू दे. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो नावाचं चित्रांवरून बोलायचं ॲप फुकट आहे आणि मराठीतही आहे, हे तिला अंगणवाडी ताईंकडून किंवा शाळेतून कळलं तरी घरात किती फरक पडेल.

जे ऑटिस्टिक लोक स्वतः बोलतात, लिहितात, नोकरी करतात त्यांनाही या सगळ्यात पुढे घ्या. मला अशा काही मैत्रिणी भेटल्या ज्यांचं निदान तिशीनंतर झालं, लहानपणापासून दुसऱ्यांच्या नकला करत, डोळ्यात बघायची सवय लावून घेत त्या जगल्या आणि दमून गेल्या. कुठल्याही कार्यक्रमाच्या स्टेजवर डॉक्टर असतात, पालक असतात, नगरसेवक असतात, ऑटिस्टिक माणूस फक्त शेवटी गाणं म्हणायला असतो. काय त्रासदायक आहे आणि काय बरं वाटतं हे त्यांच्याइतकं आम्ही घरचेही सांगू शकत नाही. मांडवात लाईट कसे ठेवायचे हे ठरवताना अशा एखाद्या माणसाला अर्धा तास आत फिरवून आणा, तो तुम्हाला ट्यूबलाईटची गुणगुण कुठून येतेय तेही सांगेल.

आणखी एक गोष्ट, जरा गंभीर आहे. 2027 चा सिंहस्थ येतोय, तयारी चालू आहे. अनेक ऑटिस्टिक मुलं घाबरली की किंवा काही आवडीचं दिसलं की एकदम पळत सुटतात, आणि पाण्याची ओढ कित्येकांना असते, अशी एकटी निघून गेलेली मुलं बुडण्याचा धोका जास्त असतो हे अभ्यासांतून पुढे आलेलं आहे. रामकुंडावर, घाटावर गर्दीत असं मूल सुटलं तर? आणि ते मूल असेल किंवा 30 वर्षांचा माणूस असेल, त्याला नाव विचारलं तर तो सांगणार नाही, भोंग्यावर स्वतःचं नाव ऐकून तो येणारही नाही, उलट लांब पळेल. पोलीस, होमगार्ड, स्वयंसेवक, हरवले-सापडले केंद्र यांना आत्तापासून हे शिकवायला हवं की असा माणूस दिसला तर आधी पाण्याकडची बाजू अडवा, हळू बोला, कमी बोला, चित्रांचं कार्ड दाखवा, हाताला धरून ओढू नका, आणि तो "पिऊन आलाय" किंवा "वेडा आहे" असं समजू नका. केंद्रात एक शांत खोली ठेवा. कुटुंबांनीही मुलाच्या कपड्याच्या आत फोन नंबर शिवून ठेवावा, आम्ही अजून ठेवतो.

आई आता थकली आहे. स्पेशल मुलांच्या सगळ्या आयांना रात्री जो प्रश्न पडतो, माझ्यानंतर याचं काय, तो तिलाही पडतो. कायद्याने पालकत्वाची सोय आहे, नॅशनल ट्रस्टच्या 1999 च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करता येतो, निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, ज्यांनी काढला नसेल त्यांनी जरूर काढा. मी आहेच त्याच्यासोबत. पण मी एकटी म्हणजे शहर नाही. त्याला नावाने ओळखणारा दुकानदार, बसचा कंडक्टर, वाचनालयातल्या मावशी, मंडळातली पोरं, अशी ओळखीची माणसं जितकी वाढतील तितकी आईला झोप लागेल. गेल्या वर्षीपासून मंडळातला एक मुलगा रस्त्यात दिसला की त्याला थांबून बसचा नंबर विचारतो, आणि भाऊ रूट सांगतो, सगळे स्टॉप.

संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती. गणेशोत्सवात तुम्ही रोज देखाव्यांची आणि कार्यक्रमांची यादी छापता, त्यातच शांत दर्शन कुठल्या मंडळात, कुठल्या दिवशी, किती वाजता आहे हे छापाल का? आणि निदान तीन-चार दिवस आधी छापा, म्हणजे घरी कॅलेंडरवर लिहून ठेवता येतं, मांडवाचे फोटो दाखवता येतात. मंडळांनी मांडवाबाहेर बोर्ड लावताना वेळ मोठ्या अक्षरात लिहावी आणि खाली एवढं लिहावं की या तासात कुणी ओरडलं, पळालं, जमिनीवर झोपलं तरी चालेल. ज्या मंडळांना पहिल्यांदा करायचंय आणि कसं ते कळत नाहीये त्यांनी आपल्या भागातल्या स्पेशल स्कूलमध्ये किंवा पालकांच्या गटात जाऊन विचारावं, पालक अगदी आनंदाने येऊन सांगतील, आमच्या कॉलनीतली पोरंसुद्धा यायला तयार आहेत, त्यांना मी विचारलंय.

आपली,
एका ऑटिस्टिक तरुणाची ताई
नाशिक